सोळा बिटांचे पंचांग

संगणकाच्या स्मृतीत स्वतःचा पत्ता असलेला सर्वांत लहान रहिवासी म्हणजे बाइट होय. त्याच्या पोटातील आठ बिटांना, म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगू शकणाऱ्या आठ खुणांना, स्वतंत्र पत्ता नसतो, आणि म्हणून ज्या माहितीला तीन-चार बिट पुरले असते तिलाही प्रोग्रामर सहसा आख्खा बाइट, आणि हात सैल असल्यास चार बाइट, देऊन मोकळे होतात. हा सैल हात परवडत नव्हता अशा काळात, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी या भाषेत ‘बिट फील्ड’ नावाची सोय आली. ब्रायन कर्निहान आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात ती आढळते. स्ट्रक्ट म्हणजे अनेक घटक एका नावाखाली बांधणारी नोंद; तिच्यातील एखाद्या घटकाच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन पाच हा आकडा लिहिला, की त्या घटकाला पाचच बिट मिळतात आणि पुढचा घटक त्याला खेटून बसतो. हेच काम हाताने करायचे झाले तर शिफ्ट, म्हणजे बिटांची रांग डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणे, आणि मास्क, म्हणजे नको असलेले बिट झाकून टाकणे, या दोन क्रिया जागोजाग लिहाव्या लागतात. बिट फील्ड वापरल्यास त्या क्रिया कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, कोणालाही न विचारता स्वतःच करतो. आणि पुढील सर्व अनर्थ त्याने कोणालाही न विचारल्यामुळेच घडतो.

कारण पाच बिट द्यायचे हे प्रोग्रामरने सांगितलेले असले, तरी ते कोणत्या टोकापासून मोजून द्यायचे हे त्याने सांगितलेले नसते, आणि सांगण्याची सोयही त्या भाषेत नाही. सी भाषेच्या मानकाने, म्हणजे ती भाषा कशी वागेल हे ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजाने, हा प्रश्न ‘अंमलबजावणीनुसार ठरणारा’ या सदरात टाकला आहे. याचा अर्थ असा की प्रत्येक कंपायलरने आपल्या मर्जीने काहीतरी ठरवावे आणि जे ठरवले ते आपल्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवावे. घटक उजवीकडून बसवायचे की डावीकडून, जागा न पुरल्यास एखादा घटक दोन खणांत विभागायचा की नाही, आणि नुसते ‘इंट’ असे लिहिलेल्या घटकाला उणे संख्या चालतात की नाही, हे तिन्ही निर्णय अशा रीतीने कंपायलरच्या लहरीवर सोपवलेले आहेत. बिट फील्डबद्दल जवळजवळ काहीही गृहीत धरता येत नाही हे खुद्द कर्निहान आणि रिची यांनीच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. परंतु औषधाच्या खोक्यातील घडी घातलेल्या चिठ्ठीप्रमाणे ही नोंदही वाचली जाते ती बहुधा त्रास सुरू झाल्यानंतर.

सुदैवाने या त्रासाचा अभ्यास करण्यासाठी एक अत्यंत सोयीचा नमुना जगभर विखुरलेला आहे, आणि तो म्हणजे एमएस-डॉस या जुन्या कार्यप्रणालीने फायलींवर मारलेला तारखेचा शिक्का. या शिक्क्यात संपूर्ण तारीख सोळा बिटांत बसवलेली असते. त्यांपैकी सर्वांत खालचे पाच बिट दिवसाचे, त्यावरचे चार महिन्याचे आणि सर्वांत वरचे सात वर्षाचे असून वर्ष १९८० पासून मोजले जाते. सात बिटांत शून्य ते १२७ एवढेच मावत असल्यामुळे हे पंचांग १९८० साली सुरू होऊन २१०७ साली संपते. वेळेसाठी आणखी सोळा बिट असतात, पण त्यांत तासाला पाच आणि मिनिटाला सहा देऊन झाल्यावर सेकंदासाठी पाचच उरतात, आणि पाच बिटांत बत्तीसपेक्षा जास्त वेगवेगळे आकडे मावत नाहीत. म्हणून सेकंद निम्मे करून लिहिण्याची युक्ती काढण्यात आली. परिणामी या पद्धतीने नोंदलेली कोणतीही फाईल विषम सेकंदाला जन्माला येऊ शकत नाही. दोन ठिकाणच्या फायली जुळवून पाहणाऱ्या आरसिंक या साधनाला अशा डिस्कवर एक सेकंद इकडेतिकडे झाला तरी कानाडोळा करावा, असे वेगळे सांगावे लागते आणि त्यासाठी त्यात खास पर्याय ठेवलेला आहे.

हे सर्व डॉसबरोबर इतिहासजमा झाले असेल असा समज होण्याची शक्यता आहे, परंतु तसे झालेले नाही. १९८९ साली आलेल्या झिप या फाईलप्रकाराने हाच शिक्का उचलला, आणि आजची वर्डची फाईल, अँड्रॉइडचे अ‍ॅप, ई-पुस्तक, एवढेच नव्हे तर जावा या भाषेची जार ही गाठोडीसुद्धा आतून झिपच असतात. पायथन भाषेच्या झिप विभागाला १९७० साल लिहिलेली फाईल दिली असता तो १९८० पूर्वीच्या तारखा चालत नाहीत असे सांगून काम थांबवतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली ही घटना कितीही ठळक असली, तरी या पंचांगाच्या दृष्टीने ती घडलेलीच नाही. राज्याचा सुवर्णमहोत्सव, म्हणजे १ मे २०१०, मात्र त्यात व्यवस्थित बसतो, आणि पुढील विवेचनासाठी तीच तारीख घेणे सोयीचे आहे.

१ मे २०१० लिहायचे तर वर्ष ३०, महिना ५ आणि दिवस १. वर्षाचे सात बिट ००११११०, महिन्याचे चार ०१०१ आणि दिवसाचे पाच ००००१ असे डावीकडून ओळीने ठेवले की एकत्रित संख्या १५५२१ होते. ही संख्या फाईलमध्ये दोन बाइटांत लिहिली जाते आणि त्यांतही आधी लहान किमतीचा बाइट, मग मोठ्या किमतीचा, असा क्रम असतो. बाइटांच्या या क्रमाला ‘लिटल एन्डियन’ आणि याच्या उलट क्रमाला ‘बिग एन्डियन’ म्हणतात. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या, जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२६ सालच्या कादंबरीतील दोन पक्षांची ही नावे डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी काढलेल्या टिपणातून संगणकशास्त्रात आणली. टिपणात त्यांनी शांततेचे आवाहन केले होते. ते आवाहन विसरले गेले आणि पक्षांची नावे तेवढी टिकली.

आता एखाद्या प्रोग्रामरने इंटेलच्या यंत्रासाठी, दिवस पाच, महिना चार, वर्ष सात, अशा तीन ओळींचा स्ट्रक्ट लिहून ही तारीख वाचली असे मानावे. त्या यंत्रावरील कंपायलर पहिला घटक सर्वांत खालच्या बिटांत बसवतात, म्हणून उत्तर १ मे २०१० असेच येते आणि प्रोग्रामर समाधानाने घरी जातो. तोच प्रोग्राम एक अक्षरही न बदलता स्पार्कसारख्या बिग एन्डियन यंत्रावर नेला, तर तेथील कंपायलर पहिला घटक सर्वांत वरच्या बिटांत बसवतो आणि तारीख २० फेब्रुवारी २०४० अशी येते. ही तारीख भविष्यातील असल्यामुळे कोणाच्या तरी लक्षात येते. मग बाइटांचा क्रम उलटा असल्याचे निदान होते, ते निदान बरोबरही असते, आणि दोन बाइटांची अदलाबदल करणारी ओळ घालून रोग बरा झाल्याचे जाहीर केले जाते. परंतु बाइट सरळ झाले तरी बिट फील्डचा क्रम उलटाच राहिलेला असतो, आणि त्या अर्धवट उपचारानंतर मिळणारी तारीख असते ७ सप्टेंबर २०१३.

या तारखेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात संशय घेण्याजोगे काहीही नाही. महिना खरा, दिवस खरा, वर्ष होऊन गेलेले, आणि गणेशचतुर्थीला दोन दिवस असताना कोणीतरी कार्यालयात बसून फाईल जतन केली असेल यावर सहज विश्वास बसावा. एखाद्या चिकित्सक परीक्षकाने वार जुळवून पाहिला तरी हाती काही लागत नाही, कारण १ मे २०१० रोजी शनिवार होता आणि ७ सप्टेंबर २०१३ रोजीही शनिवारच होता. दुसरीकडे, जावा भाषेत हे दोन बाइट तिच्या नेहमीच्या वाचकाने वाचले, तर तो वाचक कोणत्याही यंत्रावर बिग एन्डियन क्रमच धरून चालत असल्याने, बाकीचे शिफ्ट-मास्क अगदी बिनचूक लिहूनही, २८ सप्टेंबर २०६० ही चौथी तारीख समोर येते. थोडक्यात, त्याच दोन बाइटांमधून चार तारखा निघतात, चारही कॅलेंडरवर सापडतात, आणि त्यांपैकी कोणती खरी हे मूळ स्ट्रक्ट कितीही वेळा वाचला तरी कळत नाही; कारण ते तेथे लिहिलेलेच नाही. बिट फील्ड असलेला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याची खरी अडचण हीच आहे की त्याला जे लिहिलेले आहे त्याचे रूपांतर करायचे नसून, जे एका विशिष्ट कंपायलरने गृहीत धरले होते आणि कोठेच लिहिले नव्हते, त्याचे करायचे असते. व्यवस्थापक मात्र ओळी मोजतो, त्या तीन भरतात, आणि कामाला अर्धा दिवस मंजूर होतो.

उणे-अधिकाचा प्रश्न यापेक्षाही मासलेवाईक आहे. ठरावीक बिटांत उणे संख्या मावायच्या असतील तर सर्वांत वरचा बिट चिन्हासाठी खर्ची पडतो, आणि प्रोग्रामरने ‘अनसाइन्ड’, म्हणजे चिन्ह नको, असे स्पष्ट न लिहिता नुसते ‘इंट’ लिहिले, तर अनेक कंपायलर चिन्ह हवेच आहे असे समजतात. मग चार बिटांच्या महिन्यात उणे आठ ते अधिक सात एवढ्याच किमती उरतात: जानेवारी ते जुलै सुखरूप पार पडतात, ऑगस्ट उणे आठवा महिना होतो, सप्टेंबर उणे सातवा, आणि असे चढत चढत डिसेंबर उणे चारवर येऊन थांबतो. पाच बिटांच्या दिवसाचे तसेच, पंधरा तारखेपर्यंत सर्व ठीक आणि सोळा तारीख म्हणजे उणे सोळा. वर्षाची कथा २०४४ पर्यंत पुढे ढकललेली आहे, पण ते साल उजाडताच प्रोग्रामच्या मते १९१६ सुरू होईल. म्हणजेच असा प्रोग्राम वर्षाच्या पहिल्या सात महिन्यांत, आणि त्यांतही प्रत्येक महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, ठणठणीत असतो. तो फेब्रुवारीत लिहिला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासला आणि मंजूर करून घेतला, की ३१ मार्च रोजी आर्थिक वर्षाचे हिशेब मिटवताना आजचा दिवस उणे एक असल्याचे तो कळवतो. एकाच बिटाच्या घटकाची तर त्याहून केविलवाणी स्थिती होते, कारण तो एकमेव बिटच चिन्ह ठरतो आणि त्याला शून्य व उणे एक या दोनच किमती उरतात. ‘ही खूण एक आहे काय’ असे त्याला जन्मभर विचारत राहिले तरी होकार येत नाही.

जागा न पुरल्यास काय करायचे, या तिसऱ्या निर्णयाची कल्पना मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागणाऱ्या प्रवाशावरून येऊ शकते: कोठे त्याला अर्धे बाकावर व अर्धे हवेत बसू दिले जाते, तर कोठे त्याला सरळ पुढच्या बाकाकडे पाठवून आधीच्या बाकावरची उरलेली जागा रिकामीच ठेवली जाते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर दुसऱ्या पंथाचा असून शेजारी बसणाऱ्या घटकांची जात, म्हणजे कॅर, इंट इत्यादी मूळ प्रकार, वेगळ्या आकाराची असेल तर तो त्यांना एका खणात बसूच देत नाही. चार बिटांचा कॅर आणि चार बिटांचा इंट असा अवघ्या आठ बिटांचा ऐवज जीसीसी हा कंपायलर इंटेलच्या यंत्रावर चार बाइटांत ठेवतो आणि मायक्रोसॉफ्टचा आठ बाइटांत. जागा वाचवण्यासाठी योजलेल्या युक्तीने एका बाइटाच्या मालासाठी आठ बाइटांचे गोदाम भाड्याने घ्यावे, यातील विसंगती उघड आहे, आणि जीसीसीने तर मायक्रोसॉफ्टसारखे वागण्यासाठी वेगळा पर्यायही दिला आहे. दोन कंपायलरमधील तहनामा या दृष्टीने तो पर्याय अभ्यसनीय ठरतो.

या सर्व अनिश्चिततेवर लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, शोधलेला उपाय सरळ पण करुण आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रत्येक आयपीव्ही४ पाकिटाचा पहिला बाइट दोन समान भागांत विभागलेला असतो. वरचे चार बिट आवृत्तीचा क्रमांक सांगतात आणि खालचे चार बिट पाकिटावरील मजकुराची, म्हणजे हेडरची, लांबी बत्तीस बिटांच्या पटीत सांगतात. १९८१ साली हे सर्व ठरवून प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पाकिटात हे आकडे चार आणि पाच असतात. कर्नलमधील स्ट्रक्टमध्ये हे दोन घटक दोनदा लिहिलेले आहेत, एका प्रकारच्या यंत्रांसाठी आधी लांबी मग आवृत्ती, दुसऱ्या प्रकारासाठी आधी आवृत्ती मग लांबी. आणि यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हेच ठाऊक नसेल तर पुढे न जाता आधी ते दुरुस्त करा अशी विनंती करून कंपायलर तेथेच थांबतो. हा क्रम चुकला तर आवृत्ती पाच आणि लांबी चार, म्हणजे सोळा बाइट, अशी वाचली जाईल. हेडर वीस बाइटांपेक्षा लहान असूच शकत नाही, म्हणून ही चूक निदान पकडली तरी जाते. योगायोग असा की आवृत्ती क्रमांक पाच खरोखरच देण्यात आला होता, स्ट्रीम प्रोटोकॉल नावाच्या एका प्रयोगाला, आणि तो सर्वसामान्यांच्या वापरात कधी आला नाही. त्यामुळे चुकीच्या क्रमाने वाचलेले पाकीट अगदीच निरर्थक ठरत नाही. ते कधीच न भरलेल्या दरबाराचे निमंत्रण ठरते.

दस्तऐवज वाचून प्रश्न सोडवू म्हणणाऱ्यालाही मार्ग मोकळा नाही, कारण बिटांना क्रमांक देण्याच्या दोन परंपरा आहेत. आयबीएमच्या पुस्तिका आणि इंटरनेटचे नियमपत्रक सर्वांत डावीकडच्या, म्हणजे सर्वाधिक किमतीच्या, बिटाला शून्य क्रमांक देतात. इंटेलच्या पुस्तिका सर्वांत उजवीकडच्या बिटाला. दोन्ही बाजूंच्या पुस्तिकांत ‘बिट क्रमांक तीन’ असे निःसंदिग्धपणे छापलेले असते.

नव्या भाषांनी या वादातून अंग काढून घेतले आहे. जावा, गो, रस्ट, सी-शार्प यांपैकी कोणत्याही भाषेत सीसारखे बिट फील्ड नाही, आणि सीमधून येणारे प्रोग्रामर ही उणीव समजून हळहळतात. ही हळहळ अनाठायी आहे. ज्या भाषेत बिट फील्ड नाही तिच्यात दिवस हवा असेल तर खालचे पाच बिट राखा, महिना हवा असेल तर पाच घरे सरकवून चार राखा, असे शब्दशः लिहावे लागते, आणि ते एकदा लिहिले की कोणत्याही यंत्रावर त्याचा अर्थ तोच राहतो. तीन ओळींच्या सहा होतात हे खरे. पण वाढलेल्या त्या तीन ओळी म्हणजे पूर्वी कंपायलरच्या मनात असलेला मजकूर होय.

अर्थात शिफ्ट-मास्क लिहिले म्हणजे सर्व संकटे टळली असेही नाही, कारण प्रत्येक भाषा स्वतःचे एखादे संकट माहेराहून घेऊन येते. जावामध्ये बाइट हा प्रकार चिन्हयुक्त आहे, म्हणजे त्यात उणे १२८ ते अधिक १२७ मावतात. वरील सुवर्णमहोत्सवी तारखेचा पहिला बाइट १६१ आहे, तो जावा उणे ९५ असा वाचते, आणि उणे संख्या मोठ्या खणात नेताना तिच्या डावीकडची सगळी घरे एकने भरली जातात. दुसरा बाइट आठ घरे सरकवून त्यात मिसळला तरी सगळीकडे आधीच एक बसलेले असल्यामुळे त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि २५५ चा मास्क लावून ही वाढ आधीच झाकली नसेल तर तारीख येते: वर्ष २१०७, महिना तेरावा, दिवस पहिला. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यांनी केली त्यांना अधिक मास ठाऊक होता. पंचांगाचे शेवटचे वर्ष आणि त्यात तेरावा महिना असा दुहेरी योग त्यांनाही सुचला नसता. ज्या भाषेची स्वतःची जार गाठोडी याच शिक्क्यांनी भरलेली आहेत तिच्यात हा योग इतक्या सहज जुळून यावा, हे विशेष.

पुढे या तेराव्या महिन्याचे काय होते हे त्या त्या ग्रंथालयाच्या, म्हणजे तयार प्रोग्रामसंचाच्या, स्वभावावर अवलंबून असते. जावाचा २०१४ साली आलेला नवा तारीखसंच तो महिना पाहताच तक्रार नोंदवून काम थांबवतो. तिचाच जुना कॅलेंडर आणि जावास्क्रिप्टची तारीख मात्र सौजन्याने वागतात आणि तेरावा महिना म्हणजे पुढच्या वर्षाचा जानेवारी असे समजून १ जानेवारी २१०८ ही तारीख काढून देतात, जी मूळ पंचांगात अस्तित्वातच नाही. त्यातही या दोन्ही ठिकाणी महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून डॉसमधला पाचवा महिना तेथे तसाच नेला तर तो जून होतो. हे ठाऊक असलेला प्रोग्रामर एक वजा करतो, ते ठाऊक असलेला दुसरा प्रोग्रामर पुढच्या फाईलमध्ये पुन्हा एक वजा करतो, आणि महाराष्ट्र दिन एप्रिलमध्ये साजरा होतो. पायथनचा सीटाइप्स हा विभाग याउलट बिट फील्ड जसेच्या तसे लिहू देतो, पण ते बसवताना तो त्या त्या यंत्रावरील सी कंपायलरची रीत पाळण्याचा प्रयत्न करतो; म्हणजे भाषा बदलूनही घर तेच राहते. रस्टमधील बाइंडजेन हे साधन सीचा स्ट्रक्ट आयात करताना बिट फील्डच्या जागी बाइटांची एक रांग ठेवून प्रत्येक घटकासाठी वाचण्याचे व लिहिण्याचे वेगळे फंक्शन स्वतः लिहून देते, आणि ते फंक्शन उघडून वाचणाऱ्याला मूळ तीन ओळींत काय काय दडले होते याचा अंदाज येतो.

हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार झालेल्या आणि १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा या भाषेत कोणता घटक कितव्या बिटापासून कितव्या बिटापर्यंत बसेल हे प्रोग्रामरने स्वतः लिहून द्यायची सोय होती. ती भाषा बोजड आहे अशी टीका झाली, आणि सोय असलेल्या गोष्टीला नेहमीच बोजड म्हटले जाते. एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या यंत्रणांसाठी घडलेल्या अर्लांग भाषेने आणखी पुढे जाऊन बिटांची मांडणी हेच नमुन्यात लिहायचे वाक्य केले, ज्यात वेगळे काही सांगितले नाही तर बिग एन्डियन क्रम समजायचा हेही ठरलेले आहे. पण सर्वांत ठसठशीत उदाहरण प्रस्तुत मजकुराच्या प्रत्येक अक्षरातच आहे. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते, आणि त्याच्या क्रमांकाचे सोळा बिट चार, सहा आणि सहा असे वाटले जातात. पहिल्या बाइटाच्या वरच्या चार बिटांत १११०, पुढच्या दोघांच्या वरच्या दोन बिटांत १०, हे सारे बिटाबिटाने लिहून ठेवलेले आहे. म्हणून ‘म’ हे अक्षर पुण्यातील फोनवर, न्यू जर्सीतील लॅपटॉपवर आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर २२४, १६४, १७४ याच तीन बाइटांत आणि याच क्रमाने राहते. थॉम्पसन आणि पाइक हे दोघेही बेल प्रयोगशाळेतच काम करत होते, म्हणजे बिट फील्ड ज्या घरात जन्मले त्याच घरात त्याचा उताराही निघाला.

बिट फील्डला एवढ्यावर सोडणेही धोक्याचे आहे, कारण शेजारच्या घरांत दंगा करण्याची त्याची क्षमता २०१२ साली लिनक्समध्ये दिसून आली. एका बिटाचा घटक बदलायचा तर त्याच्यासह काही बाइट वाचून, बदलून, परत लिहावे लागतात; इटॅनियम प्रोसेसरवर जीसीसीने यासाठी आठ बाइटांचा खण निवडला, आणि बीटीआरएफएस या फाईलव्यवस्थेतील एका स्ट्रक्टमध्ये त्याच आठ बाइटांत बिट फील्डच्या शेजारी एक कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी खूण, बसलेली होती. दरम्यान कुलपाची स्थिती दुसऱ्या कोणी बदलली असली, तरी बिट फील्ड लिहिणारा आपल्याकडील जुनी प्रत त्यावर परत लिहून मोकळा होई. त्या वेळेपर्यंत सीच्या नव्या मानकाने शेजारच्या वेगळ्या घटकाला असा धक्का लावू नये असे लिहिले होते. कंपायलर जुन्या नियमांनुसार निर्दोष होता, कर्नलचे लेखकही निर्दोष होते, आणि कुलूप बिघडलेले होते.

जुन्या प्रोग्राममधून बिट फील्ड बाहेर काढणाऱ्याने म्हणून सर्वप्रथम मूळ कंपायलर, मूळ यंत्र आणि प्रत्यक्ष फाईलमधील दोन-चार बाइट हाताशी ठेवावेत, स्ट्रक्टवर विश्वास ठेवू नये, आणि शेजारी ‘हे का चालते ते ठाऊक नाही, हात लावू नये’ अशी टीप आढळल्यास तिच्या लेखकाबद्दल आदर बाळगून हात लावावा. डॉसच्या शिक्क्यापुरते बोलायचे तर चाचणीसाठी ३१ डिसेंबर २१०७ ही तारीख जरूर घ्यावी, कारण बाइट उलटले, बिटांचा क्रम उलटला किंवा दोन्ही उलटले तरी तिच्यातून प्रत्येक वेळी पंधरावा महिना बाहेर पडतो, आणि चिन्हाची चूक असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही उणे होतात. तिच्यावर भागवू मात्र नये: तिच्या वरच्या बाइटात आठही बिट एक असल्यामुळे जावाची उणे बाइटाची चूक तिच्यात अजिबात दिसत नाही आणि उत्तर बिनचूक येते. ती चूक १ मे २०१० पकडते. म्हणून चाचणीत दोन्ही तारखा ठेवाव्यात.